कापूस, कायदा आणि लिस्बनमधील खुर्ची : नावेलीच्या एका अर्थशास्त्रज्ञाची कहाणी

१/
सन १८६१. वाशीम-कारंजाच्या काळ्या जमिनीत नेहमीसारखीच पऱ्हाटी उभी होती. एप्रिल महिन्यात दूर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस कोठून आणावा, हा प्रश्न अर्ध्या जगाचा प्रश्न झाला. त्याच वर्षी लिस्बन शहरात नेमक्या याच प्रश्नावर फ्रेंच भाषेतील एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचा लेखक पोर्तुगालच्या संसदेचा सभासद होता आणि त्याचे गाव होते गोव्यातील नावेली.

२/
या लेखकाचे नाव डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स. जन्म १८२९, मृत्यू १८६९. शिक्षणाने वैद्य, अभ्यासाने अर्थशास्त्रज्ञ, व्यवसायाने राजकारणी आणि शिवाय कादंबरीकार. गोव्याबाहेरील मराठी वाचकाला हे नाव क्वचितच ठाऊक असते. या धाग्यात त्यांची कारकीर्द पाहू. त्याचबरोबर एक प्रश्नही तपासू : परक्या सत्तेच्या संसदेत मिळालेली खुर्ची आपल्या माणसाला नेमके काय देते आणि काय देऊ शकत नाही?

३/
गोम्स यांचा जन्म ३१ मे १८२९ रोजी साष्टी महालातील नावेली गावी झाला. साष्टी, बार्देश आणि तिसवाडी हे पोर्तुगिजांच्या ताब्यातील सर्वांत जुने प्रदेश, म्हणून त्यांना 'जुन्या काबिजादी' म्हणत. पणजीत १८४२ मध्ये वैद्यकीय विद्यालयाची स्थापना झाली होती. गोम्स तेथे शिकले आणि १८५० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, वैद्य होऊन बाहेर पडले. पोर्तुगीजबरोबरच फ्रेंच भाषेवर त्यांचे असे प्रभुत्व होते की पुढे त्यांनी त्या भाषेत ग्रंथ लिहिले.

४/
गोव्याचा माणूस लिस्बनच्या संसदेत बसू कसा शकत होता? त्याची मुळे एका शतकामागे जातात. २ एप्रिल १७६१ रोजी पोर्तुगालचा प्रबळ मंत्री मार्क्विस द पोंबाल याने एक फर्मान काढविले. पूर्वेकडील वसाहतींत जन्मलेल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचा मान आणि अधिकार द्यावा, असा त्याचा आशय होता. गोव्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्याची दाद घेतली नाही, म्हणून १७७४ मध्ये तीच आज्ञा पुन्हा बजावावी लागली.

५/
कागदावरील समता आणि व्यवहारातील समता यांत अंतर किती होते, ते १७८७ मध्ये दिसले. चर्चमधील वरच्या जागा गोमंतकीयांना मिळत नाहीत, म्हणून चिडलेले काही धर्मगुरू व सैनिक यांनी कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या आश्रयाने उठावाचा कट रचला. तो फुटला आणि पुढील वर्षी पंधरा जणांना देहान्त शासन झाले. इतिहास त्याला 'पिंटोंचे बंड' म्हणतो. ज्या फर्मानाने समतेचे वचन दिले, त्याच फर्मानाच्या छायेत हे बंड जन्मले, हे लक्षात ठेवावे.

६/
१८२० मध्ये पोर्तुगालमध्ये उदारमतवादी क्रांती झाली. नव्या व्यवस्थेत १८२२ मध्ये गोव्यातून तीन प्रतिनिधी निवडले गेले. त्यांपैकी बेर्नार्दो पेरिश द सिल्वा हे गोमंतकीय पुढे थेट गोव्याचे प्रमुख शासक म्हणून नियुक्त झाले. १८३५ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली आणि काही दिवसांतच गोऱ्या लष्करी गटाने त्यांना सत्तेवरून हुसकावले. लिस्बनने दिलेले पद पणजीतील बंदुकीपुढे टिकले नाही.

७/
जुन्या काबिजादींतील सुशिक्षित ख्रिस्ती वर्ग मतपेटी आणि वृत्तपत्र यांच्या आधारे बोलत होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आलेल्या नव्या काबिजादींत, सत्तरीच्या डोंगराळ मुलखात, भाषा निराळी होती. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी तेथे उठाव केला आणि तो सुमारे तीन वर्षे चालला. तरुण वैद्य गोम्स यांच्या डोळ्यांदेखत घडलेला हा काळ. एकाच गोव्यात एकीकडे उमेदवारीचे अर्ज आणि दुसरीकडे राण्यांच्या बंदुका होत्या.

८/
ब्रिटिश हिंदुस्थानची स्थिती याच्याशी ताडून पाहा. १८६१ च्या कौन्सिल कायद्याने व्हाइसरॉयच्या विधिमंडळात हिंदी सभासद घेण्याची सोय झाली. १८६२ मध्ये जे तिघे नेमले गेले त्यांत पतियाळाचे महाराज, काशीचे राजे आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे होते. तिघेही नेमलेले, निवडलेला एकही नाही. ब्रिटनच्या संसदेत दादाभाई नौरोजी निवडून गेले ते १८९२ मध्ये. दादाभाई गोम्स यांच्याहून चार वर्षांनी वडील, पण गोम्स त्यांच्या एकतीस वर्षे आधी लिस्बनच्या सभागृहात बसले होते.

९/
१८६० मध्ये गोम्स गोव्यातून निवडून आले आणि १८६१ च्या आरंभी लिस्बनला दाखल झाले. समुद्रापलीकडील प्रांतांना संसदेत प्रतिनिधी हवेतच कशाला, असा सूर तेथे निघत असे. नव्या सभासदाने प्रारंभीच या सुराला उत्तर दिले आणि प्रतिनिधित्वाच्या हक्काची बाजू मांडली. तर्क सरळ होता : कायदे जर आमच्यासाठी व्हायचे असतील, तर ते होताना आम्ही उपस्थित असलेच पाहिजे. वक्ता म्हणून त्यांचे नाव तेव्हापासून झाले.

१०/
आता कापसाकडे वळू. लँकेशायरच्या गिरण्या आपल्या गरजेच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून घेत. तो कापूस गुलामांच्या श्रमातून पिकत असे. युद्ध सुरू होताच उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. गिरण्या बंद पडू लागल्या, हजारो मजूर घरी बसले. इंग्रजीत या काळाला 'कापसाचा दुष्काळ' असेच नाव आहे. इंग्लंडने नजर फिरविली ती इजिप्तकडे, ब्राझीलकडे आणि हिंदुस्थानकडे.

११/
हिंदुस्थानकडे म्हणजे मोठ्या प्रमाणात वऱ्हाडकडे. फौजेच्या खर्चापोटी झालेल्या कर्जाच्या निमित्ताने निजामाने हा मुलूख १८५३ मध्ये कंपनीकडे सोपविला होता, आणि आजचा वाशीम जिल्हा त्याच मुलखातला. युद्धाच्या वर्षांत भाव चढले, मुंबईत सट्ट्याचे पेव फुटले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्याही कोसळल्या. पऱ्हाटी वेचणाऱ्या कास्तकाराला ना लिव्हरपूलच्या भावावर अधिकार होता, ना आपला मुलूख कोणाकडे सोपविला जातो यावर.

१२/
गोम्स यांच्या पुस्तकाचा विषय इंग्लंडचा कापूसप्रश्न आणि पश्चिम आफ्रिकेतील पोर्तुगीज प्रदेश असा होता. म्हणजे मुख्यतः अंगोला. इंग्लंडला कापूस हवा आहे, पोर्तुगालकडे आफ्रिकेत जमीन आहे. या दोन गोष्टी जोडता येतील काय, हा त्या काळच्या लिस्बनमधील जिवंत प्रश्न होता. गोव्याच्या वैद्याने त्याला हात घातला आणि युरोपातील अर्थशास्त्रज्ञांच्या चर्चेत आपले स्थान मागितले.

१३/
येथे वाचकाने क्षणभर थांबावे. १८६१ मध्ये अंगोलात गुलामी कायद्याने अस्तित्वात होती. पोर्तुगीज प्रदेशांतील गुलामीची अवस्था रद्द करणारे फर्मान निघाले ते २५ फेब्रुवारी १८६९ रोजी, आणि त्यानंतरही 'मुक्त' झालेल्यांना काही वर्षे जुन्या धन्याचीच चाकरी करावी लागणार होती. एका वसाहतीचा प्रतिनिधी दुसऱ्या वसाहतीच्या जमिनीवर विचार करीत होता, आणि त्या जमिनीवर राबणाऱ्याला मात्र त्या सभागृहात आवाज नव्हता. हा पेच त्या काळाचा होता आणि गोम्सही त्याच काळाचे होते.

१४/
तथापि स्वतःच्या देशाविषयी त्यांच्या मनात काय होते, ते १८६१ मध्येच फ्रेंच कवी व राजकारणी लामार्तिन यांना लिहिलेल्या पत्रातून कळते. महाभारत रचणाऱ्या आणि बुद्धिबळ शोधणाऱ्या लोकांचा वंशज, अशी आपली ओळख त्यांनी त्यात दिली. हिंदुस्थानसाठी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागितला. आणि आपण स्वतः देशबांधवांहून भाग्यवान, कारण आपण स्वतंत्र नागरिक आहोत, असेही म्हटले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेला तेव्हा अजून चोवीस वर्षे होती.

१५/
१८६२ मध्ये त्यांचा दुसरा ग्रंथ आला : जमिनीचे स्वातंत्र्य आणि पोर्तुगीज हिंदुस्थानची शेती यांवरील. गोव्यातील जमिनीचा प्रश्न समजण्यासाठी गावकारी ठाऊक हवी. गावातील जमीन मूळ गावकरांच्या संस्थेची, ज्याला पोर्तुगीज 'कोमुनिदाद' म्हणत. ही संस्था खाजन जमिनींचे बांध राखी, देवळाचा वा चर्चचा खर्च चालवी, शेते लिलावाने कसायला देई, सरकारचा सारा भरी आणि उरलेल्या उत्पन्नातून गावकरांना 'जोण' वाटी.

१६/
या व्यवस्थेत सुरक्षितता होती, तशी बंधनेही होती. जोण वारशाने पुरुष गावकरालाच मिळे. शेतात राबणारे कूळ गावकर नसेल, तर त्याच्या वाट्याला मालकी येत नसे. एकोणिसाव्या शतकातील उदारमतवादी अर्थशास्त्र जमिनीला अशा पिढीजात बंधनांतून मोकळे करू पाहत होते. ग्रंथाच्या नावातील 'स्वातंत्र्य' हा शब्द त्या विचारविश्वातला. युरोपातून शिकलेले सिद्धान्त गोव्याच्या शेताच्या बांधावर आणून तपासणे, हे गोम्स यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य येथे दिसते.

१७/
१८६६ मध्ये त्यांनी 'ब्राह्मण' या अर्थाच्या पोर्तुगीज नावाची कादंबरी लिहिली. गोमंतकीयाने लिहिलेली ही पहिली कादंबरी मानली जाते. तिची पार्श्वभूमी गोव्याची नाही. ती उत्तरेत फैजाबाद परिसरात, १८५७ च्या उठावाच्या काळात घडते. जन्माचा अहंकार केवळ जानव्याला चिकटलेला नसून गोऱ्या कातडीलाही असतो, म्हणजे गोरे लोक ही सत्तेवर बसलेली एक नवी उच्च जातच आहे, हा तिचा गाभा. संसदेत जे सौम्यपणे म्हणावे लागे, ते कादंबरीत मोकळेपणे म्हणता आले.

१८/
पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, फ्रेंच भाषेत त्यांचा सर्वांत महत्त्वाकांक्षी ग्रंथ निघाला : अर्थशास्त्राचा सिद्धान्त आणि त्याचा नीती व कायदा यांच्याशी संबंध. नफा-तोट्याच्या शास्त्राला न्यायाचा प्रश्न विचारता येतो काय, ही त्याची दिशा. पुढे १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान देऊन युरोपीय सिद्धान्त येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे मांडले. या दोघांची वाट एक नव्हती, पण कोकणच्या किनाऱ्यावरून अर्थशास्त्राच्या गाभ्याला हात घालणारे गोम्स पंचवीस वर्षे आधीचे होते.

१९/
१८६९ मध्ये त्यांचा पोंबालच्या सार्वजनिक जीवनावरील ग्रंथ आला. ज्याच्या फर्मानाने गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला कागदावर समता दिली, त्याच मंत्र्याचे चरित्र. जणू आपल्या खुर्चीचा उगम त्यांनी शोधला. तोवर प्रकृती ढासळली होती. गावाकडे परतण्यासाठी ते निघाले आणि ३० सप्टेंबर १८६९ रोजी प्रवासातच, समुद्रावर, त्यांचा अंत झाला. वय अवघे चाळीस. गोव्याचा किनारा त्यांना पुन्हा दिसला नाही.

२०/
त्यांच्या कारकिर्दीचा ताळेबंद कसा मांडावा? संसदेतील सुमारे आठ वर्षे, दोन भाषांतील पाच ग्रंथ, आणि गोव्याचा माणूस युरोपच्या बौद्धिक सभेत बरोबरीने बसू शकतो याचा पुरावा. दुसऱ्या बाजूला, मताधिकार मिळकतीवर आणि साक्षरतेवर बांधलेला. राज्याचा धर्म कॅथलिक. गोव्यातील हिंदूंना पूर्ण नागरी समता मिळायला १९१० मध्ये पोर्तुगालचे राजेपद जाऊन प्रजासत्ताक यावे लागले. आणि हा सारा डोलारा उभा होता तो लिस्बनच्या मर्जीवर.

२१/
ती मर्जी फिरली, तेव्हा फिरविणाराही अर्थशास्त्रज्ञच होता. अंतोनियु द ओलिव्हैरा सालाझार, जन्म १८८९. कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्र व वित्तव्यवहाराचा प्राध्यापक. १९२१ मध्ये तोही संसदेवर निवडून आला होता, पण लोकशाही सभागृहाशी त्याचे जमले नाही आणि तो लगेच अध्यापनाकडे परतला. १९२६ च्या लष्करी बंडानंतर देशाची तिजोरी सावरण्यासाठी सेनापतींना तज्ज्ञ हवा होता.

२२/
एप्रिल १९२८ मध्ये सालाझार अर्थमंत्री झाला तो एका अटीवर : प्रत्येक खात्याचा खर्च त्याच्या संमतीवाचून होणार नाही. पहिल्याच वर्षी त्याने अंदाजपत्रकात शिल्लक दाखविली. तिजोरीची किल्ली हीच सत्तेची किल्ली ठरली. १९३० मध्ये काही महिने वसाहतींचे खातेही त्याच्याकडे आले. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत त्या पदावर राहिला. लेखणी आणि हिशेबवही हाती घेऊन आलेला हुकूमशहा युरोपात विरळाच.

२३/
८ जुलै १९३० रोजी त्याचा 'वसाहत कायदा' जाहीर झाला. समुद्रापलीकडील प्रदेश बाळगणे, तेथे वसाहती करणे आणि तेथील लोकांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे ऐतिहासिक कार्य आहे, असे त्यात म्हटले होते. या भाषेचा अर्थ गोव्यात लगेच कळला. गोम्स ज्या लोकांना नागरिक म्हणत होते, ते आता 'सुसंस्कृत करावयाचे' लोक ठरले. त्याच्या चार दिवस आधी, ४ जुलै रोजी, लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या कौन्सिलात आत्मनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडून निषेध नोंदविला होता.

२४/
गंमत अशी की खुर्ची नाहीशी झाली नाही. सालाझारच्या राष्ट्रीय सभेतही गोव्याचे प्रतिनिधी बसत. पण पक्ष एकच, वृत्तपत्रांवर नियंत्रण आणि सभेला बंदी. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया मडगावच्या सभेत उभे राहिले, ते गोम्स यांच्या नावेलीपासून हाकेच्या अंतरावर, आणि तेथेच त्यांना अटक झाली. चांदोर येथे जन्मलेले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले. संसदेत बसण्याचा हक्क असलेल्या समाजाला चौकात बोलण्याचा हक्क नव्हता.

२५/
आणि कापूस? अंगोलातील काशांजी मैदानात शेतकऱ्यांवर कापूस लावण्याची सक्ती होती आणि तो कंपनीला ठरलेल्या पडेल भावाने विकावा लागे. जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी कापूस पेरण्यास नकार दिला. सरकारने विमानांतून बाँब टाकून उत्तर दिले. गोम्स यांच्या कापसावरील पुस्तकाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. जमीन कोणाची, श्रम कोणाचे आणि भाव कोण ठरवितो, हा जुना प्रश्न रक्ताच्या अक्षरांत पुन्हा लिहिला गेला.

२६/
त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारतीय सेना गोव्यात शिरली. विजय नाही तर मृत्यू, असा सालाझारचा आदेश होता. गव्हर्नर वासालो ए सिल्वा यांनी तो मानला नाही आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी शरणागती पत्करली. त्या शहाणपणाबद्दल पुढे त्यांना सैन्यातून काढण्यात आले. पोर्तुगालने गोव्याचे विलीनीकरण मान्य केले, ते १९७४ च्या क्रांतीने हुकूमशाही संपल्यावर.

२७/
आज पणजीत कांपाल येथील उद्यानाला गोम्स यांचे नाव आहे आणि नावेलीतील जिल्हा ग्रंथालयालाही. त्यांना 'परक्यांच्या दरबारातील माणूस' म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, तसेच 'पहिला राष्ट्रवादी' म्हणून डोक्यावर घेणेही सोपे आहे. दोन्ही टाळावे. आपण स्वतंत्र नागरिक आहोत असे लिहिताना ते खोटे बोलत नव्हते. मात्र ते स्वातंत्र्य ज्या कायद्याने दिले, तो बदलण्याचा अधिकार त्यांच्या गावाकडे नव्हता.

२८/
वाशीमच्या कास्तकाराला १८६१ मध्ये खुर्ची नव्हती, नावेलीच्या डॉक्टरांना होती. तरीही दोघांच्या भवितव्याचे निर्णय समुद्रापलीकडे होत. खुर्चीमुळे एवढे झाले की अन्यायाची नोंद त्याच भाषेत, त्याच सभागृहात, नावानिशी झाली. पुढच्या पिढीने निषेधाचा ठराव मांडला, त्यापुढच्या पिढीने चौकात सभा घेतली. मिळालेल्या हक्काचे स्वतःच्या हक्कात रूपांतर व्हायला गोव्याला शंभर वर्षे लागली, आणि त्या शंभर वर्षांच्या पहिल्या पानावर नावेलीच्या या अर्थशास्त्रज्ञाचे नाव आहे.

(धागा समाप्त)